तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका

आनंदनगर, अंबरनाथ (पूर्व)
गणपती गेल्यानंतरचा सोमवार, सप्टेंबर २००८

प्रिय वृंदा हिला,

यशोधराचा जय भीम आणि तुझ्या पद्धतीचा नमस्कारही. (कुमारी लिहायचं आपलं वय राहिलं नाही आणि सौभाग्यवती लिहायची संधी तू कुणाला दिली नाहीस, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. मानाचं काही राहिलं असेल तर सांभाळून घे.) मावशींचं पाऊल आता कसं पडतं? काठी सुटली का? मागच्या फोनवर त्या मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, की आता परसात एकटी जाते, वृंदा हात धरायला आली तर मीच तिला ओरडते. ऐकून आनंद झाला. पण फोन ठेवता ठेवता मनात आलं, की मावशी चालायला लागल्या म्हणजे तू ज्यासाठी गावाला गेलीस ते काम संपलं. लगेच स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणून विचार जातो थोडाच, तो आपला माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला.

इकडे सगळं ठीक. माझ्या गुडघ्याची तक्रार जुनीच आहे, आणि विहारात वर्षावासाचं पठण चालू आहे, तिथे मांडी घालून बसलं की ती वाढते. रामभाऊ चहात अजून साखर जास्त घालतात. आपल्या कारखान्यात अजून झाकणंच होतात, बरण्या दुसरे करतात. तुझ्या टेबलामागच्या खिडकीची काच बदलली. बदलली नसती तर बरं झालं असतं असं मला उगाच वाटतं, कारण जुन्या काचेला तडा होता आणि त्या तड्यावर तू चिकटवलेली टिकली होती.

तुझं पत्र मिळालं. तू विचारलं आहेस, की तुमच्या बचत गटाने आमसुलं आणि कोकमाचं आगळ विकायला काढलं आहे, महाडला तुझ्या भाच्याने कॉम्प्युटर घेतला आहे, तर रोजच्या कामाला उपयोगी पडतील अशा इंटरनेटवरच्या फुकटच्या सोयी कोणत्या ते मी सांगावं, कारण ‘तुमच्याकडे आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणे’. पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला त्यात आमसुलं दिसली. दुसऱ्यांदा दिसलं, की ज्या बाईला परत यायचं असतं ती पुढच्या उन्हाळ्याच्या आगळाची तजवीज आतापासून करत नाही. तरी विचारलं आहेस तर सांगते. ही सगळी माहिती ईमेलने एका मिनिटात गेली असती. पण तुला ईमेल पाठवला तर तो मलाच येतो. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. असं का होतं, ते सांगायचं तर मला पार जितूबाबांपासून सुरुवात करावी लागेल.

जितूबाबा म्हणजे टेकचंदशेठचा मुलगा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. तू होतीस तेव्हा तो बाहेरदेशी शिकत होता आणि शेठ दर दिवाळीला त्याचा फोटो खिशातून काढून दाखवायचे, त्यात एक मुलगा बर्फात उभा असायचा. तो मुलगा बर्फातून परत आला आणि उल्हासनगर कॅम्प एकच्या ऑफिसात शेठच्या शेजारी बसला. आल्या आल्या त्याला एक गोष्ट दिसली, ती आपल्याला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. ऑफिस उल्हासनगरला, कारखाना अंबरनाथला आणि गोदाम बदलापूरला, आणि तिन्ही ठिकाणची माणसं दिवसभर एकमेकांना फोन करून ‘हॅलो, आवाज येतोय का’ एवढंच विचारतात. त्याने शेठना सांगितलं, की पापा, ये सब ऑनलाइन होता है आजकल. एक शीट, एक कॅलेंडर, चॅट. सगळ्यांना सगळं दिसेल. शेठ म्हणाले, फुकट आहे का? तो म्हणाला, फुकट आहे. मग कारखान्यात ब्रॉडबँड आलं.

त्याने फोनवर मला सांगितलं, ताई, फॅक्टरी ऑफिसमध्ये कोण कोण बसतं त्यांची नावं आणि ईमेल पाठवा. मी पाठवली. यशोधरा आणि वृंदा. वृंदा, तुझी शपथ, मी मुद्दाम केलं नाही. इतकी वर्षं हजेरीपासून रजेच्या अर्जापर्यंत आपली नावं एकाखाली एक लिहिली, हात थांबलाच नाही. (तुझा ईमेल मीच तर उघडून दिला होता, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. तू म्हणालीस, मला कोण पाठवणार आहे? आणि खरंच कुणी पाठवला नाही.) दुसऱ्या दिवशी चूक सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी टेम्पोतून दोन कॉम्प्युटर उतरले. एक माझ्या टेबलावर बसवला, एक तुझ्या. बसवणाऱ्याने तुझ्या खुर्चीवरची धूळ फुंकून विचारलं, या म्याडम रजेवर आहेत का? मी म्हटलं, हो. तू गेलीस ते शेठना ठाऊक होतंच. तुझी जागा त्यांनी ठेवली आहे, पगार अर्थातच नाही. पण शेठ शीट उघडत नाहीत, फक्त कॅलेंडर बघतात, आणि जितूबाबा पगाराच्या रजिस्टरला हात लावत नाही. बापलेकांच्या मधल्या त्या फटीत तू आरामात मावलीस.

आता कॅलेंडरचं. ही सोय फार चांगली आहे हे मी आधीच सांगून ठेवते. तारखेवर काम लिहायचं, वेळ झाली की ते आपणहून आठवण करतं. मी पहिलंच काम लिहिलं, ‘आण्णांना फोन’, रोज सकाळी. म्हणजे बदलापूरच्या गोदामात कोणत्या रंगाची झाकणं किती उरली ते आण्णांना विचारायचं. मला वाटलं ती आठवण मला एकटीला होणार. ती सगळ्यांना झाली. शेठचा नवा मोबाइल वाजला, त्यावर लिहिलेलं दिसलं, शेठ आज्ञाधारक माणूस, त्यांनी आण्णांना फोन केला. जितूबाबानेही केला. मी तर केलाच. आठवडाभर रोज सकाळी आण्णांना तीन माणसं पाठोपाठ एकच प्रश्न विचारत होती. शेवटी त्यांनी मला विचारलं, ‘ताई, खरं काय ते सांगा. मला काढतायत का? का माझ्यावर चोरीचा आळ हाय? घरात बायको जेवत नाय दोन दिसांपासून.’ मी समजावलं, की आण्णा, हे कॅलेंडर आहे. ते म्हणाले, ‘कॅलेंडर आमच्याकडं बी हाय, भिंतीवर. त्ये कधी कुणाला फोन लावत नाय.’

त्याच कॅलेंडरात मी माझ्या घरच्या गोष्टीही लिहीत होते. मला कुठे ठाऊक की भिंत काचेची आहे. एका दुपारी शेठचा फोन. ‘यशोधराबेन, सासूजीका चष्मा मिला क्या?’ मी गार. पुढे म्हणाले, ‘और वो तेल का नाम मेरेको भी दो. मेरेको भी घुटना है.’ मी तेलाचं नाव दिलं. मग विचारलं, ‘हर संडे को वृंदा लिखा है. क्या करना है संडे को वृंदा का?’ मी म्हटलं, काही नाही शेठ, फोन करते तिला. ते म्हणाले, ‘अच्छा, अच्छा. मैं नहीं करूँगा.’ आणि हसले. मी रविवारचं खोडलं नाही. तुझ्याकडे लाइन लागत नाही किंवा मावशीच उचलतात आणि तू ओढ्यावर गेलेली असतेस, ते वेगळं.

खरी गोष्ट चॅटची आहे. पडद्याच्या कोपऱ्यात सगळ्यांची नावं असतात. जो कॉम्प्युटरवर बसलेला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, नसेल त्याच्या नावापुढे करडा. सुरुवातीला तुझा करडाच होता. मग जितूबाबाने शीटमध्ये एक काम तुझ्या नावाने टाकलं, आनंदनगरच्या त्या मशीनवाल्याचं बिल तपासायचं. ते काम तूच करायचीस, म्हणजे बरोबरच टाकलं त्याने. आता त्याला सांगायचं की नाही या विचारात जेवणाची सुट्टी गेली. मग मी उठले, तुझ्या खुर्चीत बसले, तुझा कॉम्प्युटर चालू केला, तुझ्या नावाने आत गेले आणि बिल तपासून खूण केली. परत माझ्या जागेवर येऊन बसते तर काय, कोपऱ्यात वृंदा, आणि पुढे हिरवा ठिपका.

वृंदा, मी काय सांगू. माझ्या डाव्या हाताला तुझी खुर्ची, तीवर कुणी नाही, पण पडद्यावर तू आहेस. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या आधी तुझा कॉम्प्युटर लावला, मग माझा. मग तेच रोजचं झालं. (रामभाऊंनी पाहिलं. ते तर तू गेल्यापासून तुझ्या टेबलावर तुझा चहा ठेवतात आणि थोड्या वेळाने येऊन स्वतः पितात. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही.) लोडशेडिंगमध्ये तुझा ठिपका गेला की मला करमेनासं व्हायचं. माझाही गेलेला असायचा, पण माझं मला काय.

काम दुप्पट झालं हे खरं. इकडचं करून तिकडे, तिकडचं करून इकडे, गुडघा बोलायला लागला. पण गंमत अशी, की तुझ्या खुर्चीत बसलं की मी तुझ्यासारखं काम करायला लागायची. मी माझ्या खुर्चीत घाईची आहे, आकडा दिसला की टाकते. तुझ्या खुर्चीत बसले की आधी थांबते, खिडकीबाहेर बघते, पेन दाताखाली धरते, आणि मग दोनदा बेरीज करते. बेरीज बरोबर येते. जितूबाबाने काही विचारलं, की मी घाईने उत्तर द्यायची नाही. तुझं ते ठेवणीतलं ‘बघू’ लिहायची. त्याला ते इतकं आवडलं! मला चॅटवर म्हणाला, वृंदाताई कितनी शांत आहेत, कमी बोलतात, काम पक्कं. ताई, तुम्हीपण त्यांच्यासारखं थोडं. मला राग यायला हवा होता. मी दिवसभर खुशीत होते. घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते.

मग आलं गणपतीच्या आधीचं. तुला आठवतं ना, मिठाईवाल्यांना लाल झाकणं लागतात, आणि आण्णांना विचारल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, कारण आण्णा परत आलेल्या फुटक्या मालाची खोकीही शिलकीत मोजतात. ही तुझी शिकवण. मी माझ्या खुर्चीत होते, घाईत होते, शीटमध्ये बघून आकडा टाकला. गोदामात धड लाल नव्हतीच, मिठाईवाल्याला मिळाली निळी झाकणं. तो उल्हासनगरच्या ऑफिसात येऊन जे काही बोलला ते शेठनी मला फोनवर सांगितलं नाही, नुसतं म्हणाले, बहुत बोला. आण्णा म्हणाले, ‘त्या शीटमधी काय दिसतंय मला ठाव नाय ताई, इथं गोदामात लाल झाकण औषधाला नाय.’

मी उठले आणि तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. त्या शीटमध्ये एक सोय आहे, एखाद्या चौकोनावर शेरा लिहिता येतो, तिथे पिवळी खूण दिसते. माझ्या आकड्यावर मी तुझ्या नावाने शेरा लिहिला. (सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी, आपल्याला तेच जमतं.) ‘आण्णांना विचारल्याशिवाय आकडा टाकू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?’ अगदी तुझ्या आवाजात. जरा बरं वाटलं. परत माझ्या जागेवर आले, पिवळी खूण दिसली, उघडून वाचली, आणि वृंदा, मला खराच राग आला. मी खाली लिहिलं, ‘सांगायला सोपं आहे. दोघींचं काम एकीने केलं की चुका होतात.’ उठले. तुझ्या खुर्चीतून लिहिलं, ‘मग सांगायचं होतंस, जमत नाही म्हणून.’ परत आले. ‘सांगायला तू असतेस कुठे? गेलीस ती गेलीस. खोली सोडलीस तेही मला घरमालकाकडून कळलं. एक पत्र लिहायला तुला सवड नाही.’

हे लिहून मी तुझ्या खुर्चीत जाऊन बसले. कीबोर्डावर हात ठेवून कितीतरी वेळ बसले होते. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला सुचेना. बेरीज सुचते, शेरा सुचतो, हे नाही सुचलं. शेवटी लिहिलं, ‘बघू.’

आणि घरी गेले. ती शीट सगळ्यांना दिसते हे त्या रागात माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी. जितूबाबा स्वतः, तोही पहिल्यांदाच कारखान्याच्या ऑफिसात. हातात पेढ्यांची दोन खोकी, एक माझ्या नावाचं, एक तुझ्या. त्याच्या कॉलेजात शिकवलं होतं म्हणे, की दोन माणसांत भांडण झालं तर त्यांना समोरासमोर बसवावं आणि मध्ये गोड ठेवावं. (गोड ठेवायचं त्याने स्वतःच्या मनाने घातलं असेल. शेठचाच मुलगा तो.) खुर्चीवर बसला, घाम पुसला आणि फार काळजीने बोलायला लागला.

‘देखो ताई, सोबत काम करतो तर भांडण होतं, चलता है. पण शीटमध्ये नको. काल पापांना मीच शीट उघडून शिकवत होतो, त्यांनी पण वाचलं. पापा रात को जेवले नाहीत नीट. मला म्हणाले, तू जा, तू ही देख.’ मग तुझ्या टेबलाकडे बघून, ‘वृंदाताई किधर?’

‘बाहेर गेल्यात.’ (यात खोटं काय आहे?)

‘कधी येतील?’

‘बघू,’ मी म्हटलं.

तेवढ्यात रामभाऊ चहा घेऊन आले. एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे, एक तुझ्या टेबलावर. जितूबाबाचा चेहरा उजळला. ‘चाय आली, म्हणजे येतच असतील.’

‘नाय साहेब,’ रामभाऊ म्हणाले, ‘तो चहा माझा हाय. वृंदा म्याडम मागल्या गणपतीपासून गावाला हायेत.’

जितूबाबाने तुझ्या पडद्याकडे पाहिलं. सवयीप्रमाणे सकाळीच लावला होता मी. मग खिशातला मोबाइल काढून त्यात पाहिलं. मग माझ्याकडे. ‘तो फिर... ही कोण आहे?’

मी शाळेत करतात तसा हात वर केला. दुसरं काय करणार?

‘म्हणजे बिलं तपासायच्या त्या तुम्ही?’

‘हो.’

‘आणि मला बघू म्हणायच्या त्या?’

‘मीच.’

‘आणि काल तुम्ही... अपने आप से झगडा कर रहे थे?’

‘हो.’

त्याने जरा विचार केला. ‘और जीता कौन?’

‘वृंदा,’ मी म्हटलं, आणि का कोण जाणे, रडायलाच आलं. रामभाऊ चहाचा कप उचलून बाहेर गेले.

मग शेठनी तुझी जागा ठेवली आहे तेही मी सांगून टाकलं. तो मुलगा चांगला आहे गं. रागवायचं सोडून त्याने तुझ्या नावाचं खोकं उघडलं, एक पेढा मला दिला, एक स्वतः घेतला. म्हणाला, तिकडे होतो ना ताई, तेव्हा मम्मीला रोज मिस कॉल द्यायचो. उचलायचा नाही, बोलायचं काही नाही. वाजला की तिला कळायचं मी आहे. पापा म्हणायचे हे काय वेडेपण आहे. मग पेढा संपवून, पुन्हा ऑफिसचा माणूस होऊन म्हणाला, की पण हे असं चालणार नाही. दोघींचं काम एकटीने करून तुम्ही आजारी पडाल, आणि दिवाळीनंतर नवीन मशीन येतंय. पापांनी त्यांची जागा ठेवली, ते पापांचं मन आहे. पण दिवाळीपर्यंत. त्या येत असतील तर आनंद आहे, मी स्वतः स्टेशनवर घ्यायला जाईन. नसतील तर दुसरी ताई ठेवू. शीटमधलं नाव काढायचं असेल तर ते मी नाही काढणार. मी त्यांना ओळखतही नाही, आणि तरी एवढे महिने ओळखत होतो. तुम्ही काढा.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी काढायला बसले. माझ्याच खुर्चीत. तुझ्या नावाच्या रकान्यावर खूण केली, काढून टाका म्हटलं. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? एवढा शहाणा प्रश्न मला इतक्या महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी ‘नाही’ दाबून घरी आले.

तू म्हणशील, एवढं होतं तर मार्चमध्ये बोलली का नाहीस? चवदार तळ्याच्या वर्धापनदिनाला आमची विहाराची बस महाडला आली, तू मला भेटायला स्टँडवर आली होतीस. मी बसमध्ये वाट्टेल ते ठरवून आले होते. म्हणणार होते, पुरे झालं आता, चल. तू आगळाची बाटली घेऊन उभी होतीस, पदर खोचलेला, उन्हाने रापलेली, आणि गटातल्या दोन बायकांना बरोबर घेऊन आली होतीस. मला त्यांची ओळख करून दिलीस, की ही माझी ऑफिसातली मैत्रीण. त्या बायका तुला वृंदाताई वृंदाताई करत होत्या. एकीने तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता, सहज, वर्षानुवर्षांचा असावा तसा. तू मोठ्याने हसत होतीस. ऑफिसात तू तोंडावर हात ठेवून हसायचीस. मग मी काय म्हणणार होते? बस सुटली तेव्हा तू हात हलवलास आणि मी बाटली. झाकण आपल्याकडचं नव्हतं, गळत होतं. अंबरनाथपर्यंत माझी साडी आंबट झाली. धुतली तरी डाग गेलेला नाही आणि मी तो फार घासतही नाही.

तर असं आहे. मी तुला ये म्हणत नाही. मावशींना तू हवी आहेस, गटाला हवी आहेस, आणि तुला तिथे मोठ्याने हसता येतं. मला फक्त रोज संध्याकाळी दोन कॉम्प्युटर बंद करावे लागतात. आधी माझा करते, मग तुझा.

मावशींना माझा नमस्कार सांग. गटातल्या त्या दोघींनाही सांग, त्यांची नावं मी मुद्दाम लक्षात ठेवलेली नाहीत.

तुझीच,
यशोधरा

ता. क. – एवढं लिहून तू विचारलेलं राहिलंच. गटासाठी एक सामायिक शीट करा. कुणी किती आमसुलं दिली, कुणाला किती आगळ गेलं, एवढंच त्यात ठेवा, जास्त रकाने करू नका, भांडणं होतात. प्रत्येक बाईला तिचं स्वतःचं नाव द्या आणि एकीने दुसरीच्या नावाने आत जायचं नाही. हे मी अनुभवाने सांगते. कॅलेंडर फार उपयोगी आहे, कोकमाची सालं वाळवायला घालायची तारीख, बाजाराचा दिवस, सगळं लिहा, पण चष्मे आणि तेलं लिहू नका. शीटमध्ये जुनी नोंद परत बघता येते, कुणी काय कधी बदललं तेही दिसतं, तेव्हा चुकीला घाबरू नका. आणि चॅटवर हिरवा ठिपका दिसला म्हणजे तिथे माणूस बसलेलं आहे असं समजू नका, कॉम्प्युटर चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. बाकी तुझ्या हाताला बेरीज आहे, तुमचा धंदा उत्तम चालेल. आणि झाकणं आमच्याकडून घ्या. गळणार नाहीत.

ता. क. २ – आता खरं काम. तुझं नाव माझ्याच्याने निघत नाही. ते तूच काढ. भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसून तुझ्या ईमेलने आत जा, शीट उघड, तुझ्या रकान्यावर खूण कर आणि ते ‘नक्की का’ विचारेल तेव्हा तुझ्या मनात जे असेल ते दाब. दिवाळीच्या आत दाब. मी विचारणार नाही, मला कोपऱ्यात दिसेलच. तू काढलंस तर मी समजेन की तुझा जीव तिथे रमला आणि दुसऱ्या ताईला नीट शिकवेन, आण्णांना विचारल्याशिवाय आकडा टाकू नकोस हेही सांगेन.

ता. क. ३ – आत जायला पासवर्ड लागतो. तो मीच बनवलेला, तुला ठाऊक नाही. जितूबाबाचा कडक नियम आहे, की पासवर्ड कागदावर लिहायचा नाही आणि फोनवर कुणाला सांगायचा नाही, समोर बसवून कानात सांगायचा. मी नियम पाळणारी बाई आहे. तेव्हा नाव काढायचं असलं, तरी एकदा तुला यावंच लागेल.